टँकमध्ये गोगलगायी पाळायच्यात? आधी पाणी मोजा, मग दुकानात जा

चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दोन पिवळ्या मिस्ट्री स्नेल घरी आणल्या तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की यांना काही लागत नाही, टँकमधलं शेवाळ खातात, काच साफ ठेवतात, वेगळं खाणं घालायची गरज नाही. मी विश्वास ठेवला. दोन महिन्यांत दोघींच्या शंखाचं टोक पांढरं पडलं, मग तिथे बारीक खड्डे पडायला लागले, नवीन वाढलेली कड इतकी पातळ की पलीकडचं दिसेल, आणि एका सकाळी त्यातली एक तळाशी निपचित पडलेली. तिला कुठला रोग झाला नव्हता. ती अर्धपोटी होती आणि पाण्यात तिच्या शंखापुरताही चुना नव्हता. ते मला फार लागलं, म्हणून मग पाणी मोजायला शिकले, खाणं बनवायला शिकले, आणि आता माझ्याकडच्या गोगलगायींचे शंख टोकापासून कडेपर्यंत गुळगुळीत असतात. हे सगळं सविस्तर लिहितेय कारण मराठीत कुणी विचारलं की नीट सांगणारं फारसं मिळत नाही आणि बिचाऱ्या गोगलगायी "टँक क्लीनर" म्हणून विकल्या जातात आणि मरतात.

आधी कोणती गोगलगाय आणायची ते ठरवा

दुकानात साधारण पाच-सहा प्रकार दिसतात आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

मिस्ट्री स्नेल ही सगळ्यात देखणी. पिवळी, निळसर, जांभळट, पांढरी अशा रंगात येते, लिंबाएवढी मोठी होते, मूळची दक्षिण अमेरिकेतली. शास्त्रीय नाव पोमेशिया डिफ्युजा. हिला कल्लेही असतात आणि फुप्फुसासारखी पिशवीही, त्यामुळे ती पाण्याच्या वर एक नळी काढून श्वास घेते आणि तेव्हा तिचं अख्खं अंग भात्यासारखं हलतं, हे बघायला मुलं तासन्‌तास बसतात. ज्यांनी बीएस्सीला झूलॉजी घेतलं असेल त्यांना पायला आठवेल, प्रॅक्टिकलला जी असायची ती. आपल्या तळ्यांतली आणि भातखाचरांतली ती पायला याच घराण्यातली आहे, पण पायला झाडं खाते आणि टँकसाठी ती योग्य नाही. मिस्ट्री स्नेल धडधाकट झाडांना सहसा हात लावत नाही, सडलेली पानं खाते. आयुष्य साधारण १ ते २ वर्षं, पाणी जितकं गरम तितकं आयुष्य कमी.

नेराइट ही खरी शेवाळ खाणारी. झेब्रा, टायगर, शिंगांची नेराइट, सगळ्या लहान, घट्ट चिकटणाऱ्या, काचेवरचे हिरवे ठिपकेसुद्धा खरवडून काढतात. हिची पिल्लं गोड्या पाण्यात होत नाहीत कारण अळ्यांना खारट पाणी लागतं, त्यामुळे संख्या वाढायची भीती नाही. पण ती काचेवर आणि लाकडावर तिळाएवढे पांढरे कडक ठिपके घालत राहते, ती अंडी, ती फुटत नाहीत आणि सहज निघतही नाहीत. ज्यांना टँक एकदम स्वच्छ दिसायला हवा त्यांनी हे आधी लक्षात घ्या. दुसरं म्हणजे बाजारातल्या बहुतेक नेराइट निसर्गातून पकडून आणलेल्या असतात, दुकानापर्यंत येताना उपाशी असतात, आणि नवीन टँकमध्ये शेवाळच नसतं. म्हणून नेराइट टँक लावल्यावर दोन-तीन महिन्यांनी आणा, आधी नको.

रॅम्सहॉर्न म्हणजे चकतीसारखी गुंडाळलेली छोटी गोगलगाय. लाल रॅम्सहॉर्न लाल दिसते कारण तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि शंखाला गडद रंग नसल्यामुळे आतला लाल रंग बाहेर दिसतो. प्रत्येक रॅम्सहॉर्न नर-मादी दोन्ही असते, पारदर्शक जेलीच्या ठिपक्यांत अंडी घालते आणि खाणं जास्त पडलं की भराभर वाढते.

मलेशियन ट्रम्पेट लांबुळकी, टोकदार, दिवसभर वाळूत गाडून घेते आणि रात्री बाहेर येते. थेट पिल्लं घालते आणि नराशिवायही घालते, म्हणजे एक आणली तरी वंश चालू. वाळू हलती ठेवते म्हणून मला आवडते. आणि दिवसाढवळ्या सगळ्या ट्रम्पेट काचेवर चढून वर गेलेल्या दिसल्या तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया वाढलाय असं समजून लगेच पाणी तपासा, माझा टँक यामुळे दोनदा वाचलाय.

अ‍ॅसॅसिन ही पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, दुसऱ्या गोगलगायी खाणारी. मिस्ट्रीबरोबर ठेवू नका.

पहिल्यांदाच पाळत असाल तर एक-दोन मिस्ट्री घ्या, एवढंच सांगेन.

गावच्या तळ्यातून, ओढ्यातून उचलून आणू नका

हे वेगळं लिहितेय कारण सुट्टीत गावाला गेलं की मुलं बाटलीत भरून आणतात. आपल्याकडच्या तळ्यांत, डबक्यांत रॅम्सहॉर्नसारखीच दिसणारी इंडोप्लॅनॉर्बिस नावाची गोगलगाय असते. गुरांच्या रक्तात राहणाऱ्या जंतांचा अर्धा प्रवास या गोगलगायीतून होतो, गुरांना नाकात घोरण्याचा आजार होतो त्याचा जंतही त्यातलाच. त्या जंतांच्या अळ्या पाण्यात सुटतात आणि माणसाच्या त्वचेला लागल्या तर खाज आणि पुरळ येतं. तेव्हा टँकसाठी टँकमध्येच वाढलेली गोगलगाय घ्या. एखाद्या पाळणाऱ्याकडून मिळाली तर सर्वात उत्तम, कारण ती आधीपासून आपल्याच गावच्या पाण्यात वाढलेली असते. आणि टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवायचे, मुलांनाही ती सवय लावा.

पाणी. खरं काम इथेच आहे

गोगलगायीचा शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत चुनखडी. ती शंख दोन ठिकाणच्या कॅल्शियममधून बांधते, पाण्यातल्या आणि खाण्यातल्या. पाण्यात चुना कमी आणि पाणी आंबट असेल तर उलटं होतं, पाणीच शंखातला चुना विरघळवायला लागतं. आधी टोक जातं कारण तो सगळ्यात जुना भाग आणि त्यावरचा संरक्षक थर झिजलेला असतो.

आता आपल्याकडची गोची अशी की मुंबईचं नळाचं पाणी येतं तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून, पुण्याचं खडकवासल्याच्या साखळीतून. हे पावसाचं साठलेलं पाणी, म्हणजे हलकं. प्यायला छान, डाळ पटकन शिजते, साबणाला भरपूर फेस येतो, पण गोगलगायीच्या दृष्टीने त्यात चुना फार कमी. उलट बोअरचं पाणी जड असतं, बादलीला पांढरा थर बसतो, गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात, केस राठ होतात. आपण ज्या पाण्याला नावं ठेवतो ते गोगलगायींना मानवतं. अर्थात बोअरमध्ये मीठ जास्त असेल, खारं लागत असेल तर ते नको.

मोजायचं काय? तीन गोष्टी. पीएच, जीएच आणि केएच. पीएच म्हणजे पाणी किती आंबट ते, आकडा जितका कमी तितकं आंबट. जीएच म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, केएच म्हणजे कार्बोनेट, जो पीएच घसरू देत नाही. थेंबांची टेस्ट किट मिळते, नळीत पाणी घेऊन एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचं, जितके थेंब तितके डिग्री. एक डिग्री म्हणजे साधारण १८ पीपीएम, म्हणजे लिटरला १८ मिलिग्रॅम. टीडीएसच्या पेनवर विसंबू नका, तो पेन फक्त एकूण विरघळलेलं किती ते सांगतो, त्यात चुना किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. गोगलगायींसाठी मी हे आकडे धरते: पीएच ७.२ ते ८, जीएच ८ ते १५, केएच किमान ४. माझ्या नळाला जीएच ३ आणि केएच २ आला होता, म्हणजे मी त्या पहिल्या दोघींना किती उपाशी पाण्यात ठेवलं होतं बघा.

कमी आलं तर चुना वाढवायचा कसा? याला महागडं काही लागत नाही. घरी तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणल्या की त्यांचे शिंपले टाकू नका, ब्रशने घासून, वीस मिनिटं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, कापडात बांधून बत्त्याने फोडा आणि जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरजवळ, जिथे पाणी वाहतं तिथे ठेवा. पन्नास लिटरला एक मूठभर. यातली चांगली गोष्ट अशी की पाणी जितकं आंबट तितके शिंपले जास्त विरघळतात आणि पीएच वर आला की विरघळणं मंदावतं, त्यामुळे अति होण्याची भीती कमी. आठवड्याने पुन्हा मोजा, कमी असेल तर अजून थोडे घाला. घरी तिसऱ्या येत नसतील तर समुद्रफेण, म्हणजे माखलीच्या अंगातलं पांढरं हाड, वापरा, काष्ठौषधीच्या दुकानात किंवा पक्ष्यांचं सामान मिळतं तिथे असतो, तुकडा आधी दोन दिवस भिजवावा लागतो नाहीतर तरंगतो. किनाऱ्यावर सापडलेलं पोवळं आणून टाकू नका, पोवळ्यांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि पानाला लावतो तो चुना टाकू नका! चुना तो चुनाच असा विचार करून एका ओळखीच्यांनी चमचाभर टाकला होता. तो विझवलेला चुना, पाण्यात पडला की पीएच एकदम वर उडतो, मासे आणि गोगलगायी दोन्ही जातात.

आरओचं पाणी वापरू नका, त्यात चुना जवळजवळ नसतोच. तांब्याच्या हंड्यातलं, कळशीतलं साठवलेलं पाणी तर अजिबात नाही, कारण तांबं गोगलगायीला विष आहे, त्यावर पुढे बोलते. तुरटी फिरवलेलं पाणीही नको, तुरटीने केएच खाली येतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला अँटीक्लोरिनचे थेंब घाला, बाटलीवर लिहिलंय तेवढेच. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीनचा वास जास्त येतो, त्या दिवसांत जास्त काळजी घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले की बदलायचं पाणी दर वेळी मोजून मगच घाला, कारण काल धरणाचं आणि आज कुठल्यातरी बोअरचं, असा झटका गोगलगायीला सहन होत नाही. मी त्या दोन महिन्यांत एका ड्रममध्ये पाणी साठवून ठेवते आणि एका वेळी टँकच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त बदलत नाही.

टँक लावणं

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे साधारण पन्नास लिटर. त्यात तीन-चार मिस्ट्री आरामात. बाउलमध्ये गोगलगाय ठेवू नका, मिस्ट्री खूप खाते आणि खूप घाण करते, बाउलचं पाणी दोन दिवसांत खराब होतं.

तळाला बारीक वाळू किंवा गुळगुळीत खडी. धारदार खडी नको, त्यांचा पाय मऊ असतो. झाडांसाठी जी काळी माती मिळते, अ‍ॅक्वासॉइल म्हणतात ती, ती केएच शोषते आणि पाणी आंबट करते, वर झाडांसाठी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलेंडर लावला की अजून आंबट. असा झाडांचा टँक सुंदर दिसतो पण त्यात मिस्ट्रीचा शंख टिकवणं अवघड आहे, मी तरी त्या नादाला लागत नाही. लाकूड ठेवायचं तर छोटं ठेवा.

फिल्टर स्पंजचा, एअर पंपवर चालणारा. मोठा फिल्टर असेल तर ओढून घेणाऱ्या तोंडावर स्पंज बसवा कारण मिस्ट्रीच्या मिशा लांब असतात, त्या अडकतात.

झाकण पाहिजेच. गोगलगायी रात्री चढून बाहेर पडतात, नेराइट तर फारच, आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेली सापडते. वायर जाते तेवढी फटसुद्धा स्पंजने बंद करा. मिस्ट्री असेल तर पाणी काठापर्यंत भरू नका, झाकण आणि पाणी यात सात-आठ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, तिला श्वास घ्यायला आणि अंडी घालायला ती लागते.

मग सायकल, म्हणजे टँकमध्ये घाण पचवणारे जिवाणू वसवणं. टँक लावला की त्याच दिवशी जनावर सोडायचं नाही. घाणीतून अमोनिया होतो, एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, फिल्टर चालू, आणि टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊन आठवडाभर शून्यच राहिले की टँक तयार. कुणाच्या जुन्या टँकमधला वापरलेला स्पंज मिळाला तर हे काम निम्म्या वेळात होतं. एक मात्र लक्षात ठेवा, हे जिवाणू काम करताना केएच खातात. म्हणून वर्षभर जुन्या टँकमध्ये पाणी न बदलता नुसतं वरून भरत राहिलं तर पीएच हळूहळू खाली जातो आणि एकदम सगळ्यांचे शंख पांढरे पडायला लागतात. आठवड्याला वीस टक्के पाणी बदलणं हा त्यावर इलाज.

तापमान २२ ते २६ ठेवलं तर उत्तम, २८ पर्यंत चालतं. मुंबईत हीटर लागत नाही, पुणे-नाशिकच्या थंडीत लहान हीटर लावा. नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात उलटी अडचण, पाणी तिशीच्या वर जातं आणि ऑक्सिजन कमी होतो. टँक खिडकीपासून लांब, एअर पंप चोवीस तास, आणि झाकणाच्या जागी जाळी बसवून पाण्यावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन डिग्री उतरतात. बर्फ थेट टाकू नका.

दुकानात काय बघायचं

मुंबईत राहत असाल तर कुर्ल्याचा बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केटजवळची दुकानं, बाकी शहरांत आपापली. कुठेही घ्या, पण ही तपासणी करा. चालती-फिरती, काचेला चिकटलेली निवडा. तळाशी पडलेली असेल तर दुकानदाराला उचलायला सांगा, हात लागल्यावर आत जाऊन शंखाच्या तोंडावरचं झाकण मिटलं पाहिजे. अंग लोंबत असेल, झाकण ढिलं असेल, वास येत असेल तर नको. शंखाला तडा, भोक, टोकाला खोल खड्डे असतील तर नको. त्याच टँकमध्ये मेलेल्या गोगलगायी पडल्या असतील तर त्या टँकमधलं काहीच घेऊ नका.

चिकटलेली गोगलगाय सरळ ओढायची नसते, पाय आणि शंख जोडणारा स्नायू दुखावतो आणि तो बरा होत नाही. बाजूला सरकवत सरकवत सैल करायची.

घरी आणल्यावर पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवून लगेच सोडू नका. गोगलगाय दुकानातल्या पाण्यासकट एका भांड्यात घ्या, टँकमधून सलाइनच्या नळीने थेंबथेंब पाणी सोडा, तास-दीड तासात भांड्यातलं पाणी तिप्पट होईल असं. मग गोगलगाय हाताने उचलून टँकमध्ये, भांड्यातलं पाणी मोरीत. पहिले एक-दोन दिवस ती आत मिटून बसेल किंवा तरंगेल, घाबरू नका, आत हवा राहिली की मिस्ट्री तरंगते. नेराइट मात्र उलटी पडली तर तिला सरळ करा, वाळूत उताणी पडली तर बऱ्याचदा स्वतःहून उलटता येत नाही आणि तशीच मरते.

खाणं

आता माझ्या आवडीचा भाग. मिस्ट्रीला रोज संध्याकाळी खायला लागतं, शेवाळावर ती जगत नाही. तळाशी जाणाऱ्या गोळ्या मिळतात त्या अर्ध्या-एक द्या, आणि एक दिवसाआड भाजी. दुधी, दोडका, काकडी, गाजर, फरसबी, शेवग्याचा पाला. भाजी आधी मिठाच्या पाण्यात भिजवून धुवा, साल काढा, फवारणीचा अंश राहू नये म्हणून, मग दोन-तीन मिनिटं उकळा की मऊ होते आणि बुडते. तरीही वर आली तर स्टीलचा चमचा टोचून सोडा. पालक देते पण कमी, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम नीट अंगी लागत नाही, शेवग्याचा पाला त्यापेक्षा कितीतरी चांगला. रात्री घातलेली भाजी सकाळी काढायचीच, नाहीतर पाणी फेसाळतं.

आठवड्यातून दोनदा मी त्यांना वडी देते. कृती अशी: एक वाटी उकडलेल्या भाज्यांची पेस्ट, एक चमचा माशांच्या खाण्याची पूड, एक चमचा अंड्याच्या कवचाची पूड. कवचं आतलं पातळ सोलून, दहा मिनिटं उकळून, वाळवून मिक्सरमधून पिठासारखी बारीक करायची. दहा ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं चायना ग्रास वाटीभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, गॅस बंद करून त्यात हे सगळं कालवायचं आणि ताटलीत ओतायचं. मीठ, तेल, मसाला काही नाही. गार झालं की शंकरपाळ्याएवढे तुकडे कापा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात, फ्रीझरमध्ये दोन महिने, फ्रीझरमधल्यातून थोडं पाणी सुटतं पण खातात. एका मिस्ट्रीला एक तुकडा पुरतो. तुकडा पाण्यात पडला की पाच मिनिटांत सगळ्या मिशा त्या दिशेला वळतात आणि मलेशियन ट्रम्पेटसुद्धा दिवसा वाळूतून बाहेर येतात.

शंखाचा जो भाग खराब झालाय तो पुन्हा भरून येत नाही, हे आधीच मान्य करा. पण पाणी आणि खाणं सुधारलं की त्यानंतर वाढणारी कड जाड आणि चमकदार येते, मध्ये एक रेघ दिसते, अलीकडे जुनं आणि पलीकडे नवीन. माझी त्या वेळची वाचलेली पिवळी पुढे सव्वा वर्ष जगली आणि तिच्या शंखावर ती रेघ शेवटपर्यंत होती.

सोबत कोणते मासे

गप्पी, मोली, प्लॅटी उत्तम, त्यांनाही जड पाणीच आवडतं. डॅनिओ, कोरीडोरास चालतात. बोटिया म्हणजे लोच नको, त्या शंखातून ओढून खातात. पफर नको, केरळच्या नद्यांतला तो नखाएवढा गोंडस पी पफरसुद्धा नको, गोगलगाय हेच त्याचं जेवण. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, कासव यांचं नावच काढू नका. फायटरचं माशागणिक वेगळं असतं, काही फायटर हलणाऱ्या मिशा अळी समजून तोडतात. मिशी तुटली तर पुन्हा येते, पण रोज तुटत असेल तर दोघांना वेगळं करा.

औषध टाकण्याआधी थांबा

माशांना पांढरे ठिपके आले की आपण पटकन औषध टाकतो. त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट हे तर गोगलगायी मारायलाच वापरतात. बाटलीवर घटक वाचा, कॉपर शब्द दिसला किंवा घटकच लिहिलेले नसतील तर ती बाटली टँकमध्ये जाता कामा नये. आजारी मासा बाहेर काढून वेगळ्या बादलीत त्याला औषध द्या. खडे मीठ घालायचं असेल तरी तेच करा, गोगलगायींच्या टँकमध्ये मीठ नको. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (त्यातही मोरचूदच असतं) फवारून आला असाल तर आंघोळ केल्याशिवाय टँकमध्ये हात घालू नका. घरात पेस्ट कंट्रोल असेल त्या दिवशी एअर पंप बंद करून टँक ओल्या चादरीने पूर्ण झाका, कारण पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. फवारणी झाली की खिडक्या उघडा आणि वास गेल्यावर लगेच पंप सुरू करा, जास्त वेळ बंद ठेवू नका.

मेली की झोपलीय?

गोगलगाय एकेक दिवस हलत नाही. उचलून वास घ्या. मेलेलीचा वास इतका उग्र असतो की शंका राहत नाही. वास नसेल, झाकण घट्ट असेल तर दुसऱ्या भांड्यात टँकचंच पाणी घेऊन ठेवा आणि एक दिवस वाट बघा. मेलेली लगेच काढा, मोठी मिस्ट्री टँकमध्ये सडली तर एका रात्रीत अमोनिया वाढून बाकीचे जातात.

अंडी आणि वाढलेली संख्या

मिस्ट्री मादी पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाला फिक्कट गुलाबी रंगाचा गुच्छ घालते, तुतीच्या फळासारखा दिसतो. नर नसला तरी आश्चर्य नको, आधीच्या भेटीतलं बीज ती महिनोन्‌महिने साठवून ठेवू शकते. पिल्लं नको असतील तर पहिल्या एक-दोन दिवसांतच गुच्छ काढा, फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. हवी असतील तर एक दिवस कडक होऊ द्या, हलक्या हाताने सरकवून काढा, डब्यात ओला करून पिळलेला टिश्यू पेपर घालून त्यावर ठेवा, झाकणाला बारीक भोक पाडा आणि डबा टँकमध्ये तरंगत ठेवा. अंडी पाण्यात बुडली तर आतले जीव गुदमरतात. दोन ते चार आठवड्यांत गुच्छ राखाडी आणि खराब झाल्यासारखा दिसायला लागतो, तेव्हा फेकू नका, तीच वेळ असते. मोहरीएवढी पिल्लं निघतात, शंखासकट.

रॅम्सहॉर्न किंवा झाडांबरोबर आलेल्या बारीक गोगलगायी फार झाल्या तर त्याचा अर्थ तुम्ही खाणं जास्त टाकताय. खाणं निम्मं करा, रात्री काकडीची चकती ठेवा, सकाळी त्यावर जमलेल्या गोगलगायींसकट उचला, असं पंधरा दिवस. मारायचं औषध टाकू नका, एकदम शंभर मेल्या तर पाणी नासतं. पुढच्या वेळी नवीन झाडं आणली की लिटरला मोठा चमचाभर तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून, चांगली धुवून मग लावा.

जास्त झालेली पिल्लं नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका, गणपती विसर्जनाच्या हौदातसुद्धा नाही. मिस्ट्रीचीच बहीण पोमेशिया कॅनालिक्युलाटा १९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतून तैवानला खाण्यासाठी आणली, लोकांना चव आवडली नाही, ती पाण्यात सुटली आणि आग्नेय आशियातली भातशेती तिने कुरतडून टाकली. आपल्या कोकणात, भंडारा-गोंदियात भातच पिकतो. दुकानात दोघी सारख्या दिसू शकतात, फरक असा की मिस्ट्रीच्या शंखाचे वेढे एकमेकांना काटकोनात, खांदा सपाट, आणि त्या दुसरीच्या वेढ्यांमध्ये खोल खाच असते, शिवाय तिची अंडी भडक गुलाबी. अशी खोल खाच आणि भडक अंडी दिसली, आणि ती टँकमधली झाडं सपासप खात असेल, तर तिला आणि अंड्यांना फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाका. बाकीच्या मिस्ट्रीची पिल्लं वाटाण्याएवढी झाली की ओळखीत द्या. मी देताना प्रत्येकाला जीएच-केएचचे आकडे कागदावर लिहून देते, सोबत चार वड्या आणि शिंपल्यांची एक पिशवी.